जिथे माणसं राहायला येतात : प्रस्तावना

नोव्हेंबर 2021 च्या अखेरीस भिवंडी तालुक्यात, खडवलीजवळच्या मातोश्री वृद्धाश्रमात करोनाचा उद्रेक झाला. दोन-तीन दिवसांत साठहून अधिक जणांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या आणि त्यांना ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात हलवावं लागलं. त्यांतल्या बहुतेकांनी लशीचे दोन्ही डोस घेतलेले होते. काहींना तर कसलीच लक्षणं नव्हती. 26 नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेनं ओमायक्रॉनचं नाव जाहीर केलं आणि 4 डिसेंबरला राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडल्याची बातमी आली. मग सगळे कॅमेरे तिकडे वळले आणि वृद्धाश्रमाची बातमी मागे पडली.

या पुस्तकाच्या विषयासाठी मात्र खडवलीची घटना जास्त मोलाची आहे. लस दिली होती. गर्दीपासून दूर, गावाबाहेरची जागा होती. तरीही एकदा विषाणू दाराच्या आत आल्यावर तो एका माणसापाशी थांबला नाही. एकाच पंगतीत जेवणारी, सामाईक स्वच्छतागृह वापरणारी आणि त्याच चार-सहा जणांच्या हातून आंघोळ, औषध, चहा घेणारी माणसं एकत्र राहतात, तेव्हा संसर्गाची वाटचाल कशी होते हे आपल्या जिल्ह्यानं त्या आठवड्यात पाहिलं. त्यातून काय शिकायचं, याचा विचार मराठीत सलग, साध्या भाषेत आणि इथल्या परिस्थितीला धरून फारसा झालेला नाही. हे पुस्तक तो करू पाहतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि त्यांना लागून असलेले अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा हा सगळा पट्टा मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी भरत गेला. ज्या पिढीनं सत्तर-ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं, ती आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. जी इथेच आहेत, त्या घरांतले दोघंही सकाळची लोकल पकडतात आणि रात्री आठनंतर दाराला किल्ली लावतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक एक कोटी अकरा लाखांच्या आसपास होते. त्यानंतरची 2021 ची जनगणना झालीच नाही. पण हा आकडा कुठल्या दिशेला गेला असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

म्हणून निवासी काळजीच्या जागा वाढल्या. ट्रस्टचे वृद्धाश्रम आहेत, दरमहा पैसे घेणारी केअर सेंटर आहेत, बंगल्याच्या तळमजल्यावर दहा खाटा टाकून चालवलेली घरगुती केंद्रं आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळ्या जागा निघू लागल्या आहेत. जुन्या जागा आहेतच. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 सालचं. तिथे काही माणसांची अख्खी हयात गेली आहे. कल्याणला पत्री पुलाजवळ हनुमाननगरची कुष्ठरोग वसाहत आहे. या साऱ्यांना एका पुस्तकात बसवणं काहींना खटकेल. मला ते योग्य वाटतं, कारण संसर्गाच्या दृष्टीनं या जागांमध्ये एक मोठं साम्य आहे : इथे माणूस उपचारापुरता येत नाही, राहायला येतो.

रुग्णालयातला पेशंट पाच-सहा दिवसांत घरी जातो. इथला माणूस महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं त्याच खाटेवर असतो आणि त्याच्या अंगावरचे जंतूही त्याच्यासोबत तिथेच मुक्काम करतात. रुग्णालयात घालतात तसे निर्बंध इथे घालता येत नाहीत. गणपतीत आरतीला सगळे एकत्र जमणार, संध्याकाळी टीव्हीसमोर बसणार, नातवंडं भेटायला येणार. ते थांबवलं तर जागेचं तुरुंगात रूपांतर होतं, न थांबवलं तर खोकला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. या विषयाचं सारं शास्त्र या दोन टोकांच्या मध्ये उभं आहे. त्याचा इतिहासही याच ओढाताणीचा आहे.

आपल्याकडे त्याची सुरुवात भिंतीपासून झाली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला. घरात शिरून माणसं उचलून नेणं, सामान जाळणं, विलगीकरणाच्या छावण्या या गोष्टींनी पुण्यात काय उलथापालथ केली ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. 1898 मध्ये कुष्ठरुग्णांसाठीचा कायदा आला आणि त्यांना कोंडून ठेवण्याला सरकारी मान्यता मिळाली. संसर्ग आटोक्यात ठेवायचा म्हणजे संसर्ग झालेला माणूस नजरेआड करायचा, हा विचार तेव्हापासून आपल्या मनात इतका खोल रुतला की 2020 मध्ये तो पुन्हा वर आला आणि कायदाही तोच 1897 चा वापरला गेला. कुष्ठरोगाबाबत तर बहुविध औषधोपचार 1980 च्या दशकात सुरू झाल्यावर रुग्ण काही काळातच संसर्गजन्य राहत नाही हे स्पष्ट झालं होतं. तरी वसाहती राहिल्या, बहिष्कार राहिला. हनुमाननगरच्या रहिवाशांना वर्षानुवर्षं सोसावा लागला तो संसर्ग फारसा नव्हता, संसर्गाची भीती होती. आणि त्यांना खरी गरज होती ती पायांच्या जखमांच्या नियमित ड्रेसिंगची. त्या वसाहतीत सेवा करणारे डोंबिवलीचे गजानन माने यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. भीतीनं सुटलेलं काम किती साधं आणि किती रोजचं होतं, हे त्यांच्या कामाकडे पाहून कळतं.

प्लेगच्याच काळात दुसरी वाट सुरू झाली. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात ती स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांना दिली. तुरुंगात प्लेग शिरला होता. ज्यांनी टोचून घेतली त्यांच्यात रोगाचं प्रमाण बरंच कमी राहिलं. एका बंदिस्त वस्तीत लस काय करू शकते, याचा हा जगातल्या सुरुवातीच्या दाखल्यांपैकी एक आहे आणि तो आपल्यापासून लोकलनं तासाभराच्या अंतरावर घडला. त्याच साथीत, 10 मार्च 1897 ला, सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला होता. शुश्रूषा करणाराच संसर्गाच्या वाटेवर सगळ्यात पुढे उभा असतो, ही गोष्ट आपण त्यांच्या पुण्यतिथीला आदरानं आठवतो. आपल्या संस्थांचे नियम करताना मात्र ती फार क्वचित ध्यानात घेतो.

तिसरी वाट हातांची. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. त्यांना हयातीत मान मिळाला नाही. दीडशे वर्षांनी जिनिव्हाचे दिदिए पिते यांनी खाटेशेजारी अल्कोहोलचं द्रावण ठेवण्याची साधी पद्धत रुळवली आणि 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हात कधी स्वच्छ करायचे याचे पाच प्रसंग ठरवून दिले. ते रुग्णालयांसाठी होते. निवासी काळजीच्या जागांचा स्वतंत्र अभ्यास साधारण 1980 नंतर उभा राहिला. 1991 मध्ये कॅनडातल्या ॲलिसन मॅकगिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जागांमध्ये संसर्ग कशाला म्हणायचं याच्या व्याख्या ठरवल्या, त्या 2012 मध्ये सुधारल्या गेल्या. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटतं. पण त्याशिवाय मोजणी होत नाही, आणि मोजणीशिवाय उद्रेक चार जण आजारी पडल्यावर कळण्याऐवजी चाळीस जण आजारी पडल्यावर कळतो.

व्याख्या वेगळ्या का लागल्या? म्हाताऱ्या शरीरात आजार पुस्तकाप्रमाणे दिसत नाही. न्यूमोनिया झालेल्या ऐंशी वर्षांच्या आजींना 102 ताप येईलच असं नाही. त्या जेवण अर्धं टाकतात, दिवसा झोपतात, बाथरूमला जाताना पडतात, किंवा संध्याकाळी अचानक मुलाला ओळखत नाहीत. म्हणून अशा जागांमध्ये एकदा 100 फॅरनहाइट किंवा नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंश जास्त भरलं तरी दखल घ्यायची, असा दंडक आहे. पण हे नेहमीचं तापमान माहीत हवं. ते वहीत लिहिलेलं हवं. आणि "आजींनी आज भाकरीला हात लावला नाही" हे ज्या मावशींना सगळ्यांत आधी कळतं, त्यांचं बोलणं कुणीतरी ऐकून घ्यायला हवं. निदानाची सुरुवात स्टेथोस्कोपच्या आधी, ताट उचलताना होते.

आज या विषयात जे मतभेद आहेत तेही नव्या वाचकाला माहीत हवेत. लशीचंच पाहा. ग्लासगोच्या परिसरात, वृद्धांच्या दीर्घ मुक्कामाच्या 20 रुग्णालयांत झालेल्या एका अभ्यासात जिथे कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊ केली, तिथे वृद्धांचे मृत्यू 13.6 टक्के आणि जिथे देऊ केली नाही तिथे 22.4 टक्के आढळले. हा अभ्यास 2000 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे अशा अभ्यासांच्या फेरतपासणीत काही तज्ज्ञांनी या निष्कर्षांच्या ताकदीबद्दल शंका घेतली. फरक इतका मोठा असणं त्यांना पटलं नाही. शंका रास्त आहेत. तरीही कर्मचाऱ्याला लस द्यावी, आणि आपल्याकडे ती पावसाळ्याआधी द्यावी, कारण इथे फ्लू जुलै ते सप्टेंबरमध्येही उसळतो, हे माझं मत आहे. मात्र ती संस्थेनं पदरचे पैसे खर्चून द्यावी. महिन्याच्या पगारातून ते पैसे कापू नयेत.

दुसरा मोठा वाद प्रतिजैविकांचा. वृद्धाश्रमात कुणाची लघवी गढूळ दिसली, वास आला, की तपासणी होते, अहवालात जंतू सापडतात आणि अँटिबायोटिक सुरू होतं. दीर्घ मुक्कामाच्या जागांतल्या वृद्ध स्त्रियांपैकी 25 ते 50 टक्के जणींच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू असतात. पुरुषांतही हे प्रमाण 15 ते 40 टक्के आहे. त्यांना औषधाची गरज नसते. दिलं तर जुलाब सुरू होऊ शकतात आणि पुढच्या खऱ्या आजारात ते औषध लागू न पडण्याची शक्यता वाढते. आपल्या देशात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची समस्या आधीच गंभीर आहे. निवासी केंद्रं त्या जंतूंची मुक्कामाची ठाणी बनू शकतात, कारण रहिवासी अधूनमधून रुग्णालयात जातो आणि तिथले जंतू घेऊन परत येतो. अमेरिकेत 28 नर्सिंग होमपैकी निम्म्यांत सगळ्या रहिवाशांना क्लोरहेक्सिडिननं आंघोळ आणि नाकाला आयोडीनचं औषध लावून पाहिलं. 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार संसर्गामुळे रुग्णालयात न्यावं लागण्याचं प्रमाण घटलं. काहींच्या मते सरसकट असं करणं म्हणजे नव्या प्रतिकाराला आमंत्रण. हा वाद अजून चालू आहे.

पण ज्यावर वाद नाही अशा गोष्टी आपण आधी करतो का? कवळीचं उदाहरण घ्या. झोपेत लाळ श्वासनलिकेत उतरते आणि तोंडातले जंतू फुप्फुसात जातात. वृद्धांच्या न्यूमोनियाचं हे एक प्रमुख कारण आहे. जपानमध्ये 11 नर्सिंग होममध्ये दोन वर्षं जेवणानंतर रहिवाशांचं तोंड आणि कवळी नीट स्वच्छ करण्याचा प्रयोग झाला. ज्यांच्या बाबतीत हे केलं त्यांच्यापैकी 11 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला आणि ज्यांच्या बाबतीत नाही त्यांच्यापैकी 19 टक्क्यांना. यासाठी लागतो एक मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, रात्री कवळी काढून ठेवायला नाव लिहिलेला डबा आणि एका माणसाची पाच मिनिटं. ज्यांना नळीनं अन्न दिलं जातं त्यांचंही तोंड रोज पुसावं लागतं, हे अनेक घरांत आणि केंद्रांत ठाऊकच नसतं.

लघवीच्या नळीचंही तसंच. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी आणि जमिनीला टेकलेली नको. खाटेवरून व्हीलचेअरवर नेताना ती मांडीवर ठेवली की लघवी उलटी वाहते. पिशवी रिकामी करायचं भांडं प्रत्येकाचं वेगळं हवं. एकच मग घेऊन खाट क्रमांक एकपासून आठपर्यंत जाणं म्हणजे एकाचे जंतू सात जणांना पोहोचवणं. आणि मुळात नळी आजही हवी आहे का, हा प्रश्न रोज विचारायला हवा. रुग्णालयातून घरी सोडताना बसवलेली नळी केवळ डायपर बदलण्याचा त्रास वाचतो म्हणून महिनोन्‌महिने तशीच राहते.

खरूज हा आणखी एक दुर्लक्षित विषय. एकाला खाज सुटते, त्याला मलम मिळतं, तो बरा होतो आणि तीन आठवड्यांनी पुन्हा खाजवू लागतो, कारण शेजारच्या खाटेवरच्यांना आणि मावशींना त्याच दिवशी औषध दिलेलं नसतं. खरूज एकेकाची बरी होत नाही. सगळ्या मजल्याची, कर्मचाऱ्यांसकट, एकाच दिवशी बरी करावी लागते आणि अंथरूण-पांघरूण त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावं लागतं.

इथे प्रश्न येतो तो पाण्याचा. अल्कोहोलचं द्रावण जुलाबाच्या काही जंतूंवर पुरेसं चालत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. कल्याण-डोंबिवलीच्या 27 गावांत आणि घोडबंदर रोडवर टँकरचं पाणी बादलीनं मोजून वापरलं जातं, तिथे "प्रत्येक स्पर्शाआधी हात धुवा" असा फलक लावून काही साधत नाही. कुठल्या पाच प्रसंगी हात धुतल्याशिवाय चालणारच नाही, पाणीकपातीच्या दिवसासाठी किती साठा वेगळा हवा, टाकी कधी धुवायची, हे ठरवावं लागतं. उल्हास नदीकाठच्या केंद्रांना तर पुराचाही विचार करावा लागतो. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तो पूर सगळ्यांना आठवतो. तळमजल्यावर खाटा असलेल्या जागेत असं पाणी शिरलं, तर ओसरल्यानंतरचे दोन आठवडे लेप्टो आणि जुलाबांचे असतात.

आणि मुख्य प्रश्न माणसांचा. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेत सिॲटलजवळच्या कर्कलंड इथल्या एका नर्सिंग होमशी निगडित उद्रेकात 101 रहिवासी, 50 कर्मचारी आणि भेटायला आलेले 16 जण बाधित झाले. आजारी असताना कामावर येणं आणि एकाच वेळी दोन-दोन संस्थांत काम करणं ही संसर्ग पसरण्याची कारणं तपासात पुढे आली. आपल्याकडे नर्सिंग ब्युरोमार्फत येणाऱ्या बायका यापेक्षा वेगळ्या परिस्थितीत काम करतात का? दिव्यातून, कसाऱ्याकडून लोकलनं यायचं, एका केंद्रावर बारा तासांची ड्यूटी करायची आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या घरी बदली म्हणून जायचं. खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला. अंगात कणकण असताना ती घरी राहील, अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करायची? मी या विषयावर जे वाचलं आणि पाहिलं त्याचा निष्कर्ष हाच आहे की दीर्घ मुक्कामाच्या जागेत संसर्ग रोखण्याचा सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा. काळजी घेणाऱ्या बाईइतका रोजचा आणि इतक्या जणांना होणारा स्पर्श त्या इमारतीत दुसऱ्या कुणाचा नसतो.

हाँगकाँगनं 2003 च्या सार्सनंतर प्रत्येक निवासी काळजी केंद्रात संसर्ग नियंत्रणासाठी एक माणूस नेमणं बंधनकारक केलं. तरीही 2022 च्या लाटेत तिथे अशा केंद्रांत मोठ्या संख्येनं वृद्ध दगावले, कारण वयस्कांमधलं लसीकरण मागे राहिलं होतं. एक बाजू भक्कम करून दुसरी उघडी ठेवली तर काय होतं, ते यातून दिसतं.

आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 गरजू वृद्धांसाठी आश्रम असावा असं म्हणतो. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत, जानेवारी 2020 मध्ये केंद्रानं आरोग्य संस्थांसाठी संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण बंगल्यातलं दहा खाटांचं केंद्र रुग्णालयही नसतं आणि निव्वळ घरही नसतं, त्यामुळे ते कुणाच्याच तपासणीच्या टप्प्यात नीट येत नाही. करोनाकाळात कल्याण-डोंबिवली महापालिकेनं शहरातल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन जे काम केलं, त्याला स्मार्ट सिटी स्पर्धेत केंद्राचा कोविड नवोपक्रम पुरस्कार मिळाला. म्हणजे खासगी आणि सरकारी यंत्रणा एकत्र आणण्याचं कौशल्य या शहरात आहे. ते अशा केंद्रांची यादी करण्यासाठी आणि महिन्यातून एकदा तिथे एक परिचारिका पाठवण्यासाठी का वापरू नये?

हे पुस्तक डॉक्टरांसाठी लिहिलेलं पाठ्यपुस्तक नाही. दोन खोल्यांचं केंद्र चालवणारी बाई, ट्रस्टचा व्यवस्थापक, ब्युरोतून आलेली मावशी आणि आईला तिथे ठेवून रात्री झोप न लागणारा मुलगा हे त्याचे वाचक आहेत. त्यात शास्त्र आहे, पण ते खाटेपासून सुरू होतं. खर्चाचा विचार प्रत्येक ठिकाणी केला आहे. सगळ्यांत मोलाचं मला वाटलं ते हे की दारं बंद करण्याचा सल्ला लेखक सहजासहजी देत नाहीत. भेटी कधी थांबवायच्या, किती दिवस आणि त्या काळात माणूस एकटा पडू नये म्हणून काय करायचं, हे त्यांनी एकत्रच मांडलं आहे. 2020 मध्ये अनेक वृद्ध खिडकीच्या गजांतून मुलांना पाहत राहिले. त्यांतल्या काहींच्या बाबतीत ती भेट शेवटची ठरली. तसं पुन्हा व्हायचं नसेल तर खिडक्या उघड्या ठेवणं, हवा खेळती ठेवणं आणि मोजक्या भेटी सुरक्षितपणे चालू ठेवणं, ही तयारी साथ नसतानाच करावी लागते. काही बाबतींत मी लेखकांशी सहमत नाही. क्लोरहेक्सिडिनच्या आंघोळीबद्दल त्यांना वाटणारा उत्साह मला आपल्या परिस्थितीत घाईचा वाटतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाची, रहिवासी असो वा कर्मचारी, क्षयाची तपासणी झालीच पाहिजे, यावर मात्र त्यांनी दिलेला भर मला पूर्ण मान्य आहे.

केंद्रचालकांना एकच विनंती आहे. हे पुस्तक ऑफिसच्या कपाटात ठेवू नका. जी बाई डायपर बदलते, तिच्या ड्यूटीतला अर्धा तास मोकळा करून तिला ते वाचू द्या किंवा वाचून दाखवा. आणि त्या अर्ध्या तासाचा पगार तिला द्या.